मोबाईलवर ‘मोटर चालू’, सरीत पाणी नाही: मोबाईल स्टार्टर नेमका कुठे अडतो

रात्री साडेबाराला थ्री फेज, म्हणजे शेतीच्या मोटरीला लागणारी तीन तारांची वीज, येते. अंथरुणावरूनच विहिरीवरच्या पेटीला फोन लावला जातो, पलीकडून आवाज येतो, ‘मोटर चालू झाली आहे’. सकाळी उसात जाऊन पाहावं तर सरी कोरडी. मोटर लागलीच नव्हती, किंवा लागली आणि दहा मिनिटांत स्टार्टर पडला, किंवा ती रात्रभर पाण्याविना फिरत राहिली. तिन्ही वेळा फोनवरचा आवाज तोच होता.

महाराष्ट्रात शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतांकडे वीज नेणाऱ्या वाहिनीला, आळीपाळीने काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री वीज मिळते. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. ज्या फीडरवर ती सोय अजून झालेली नाही तिथे रात्रपाळी चालूच आहे. बांधावरून अंधारात चालत जायचं म्हणजे पायाखाली घोणस, मण्यार, आणि जुन्नरसारख्या भागात बिबट्याची भीती. त्यामुळे फोनवरून मोटर लावणारी ही पेटी, म्हणजे मोबाईल स्टार्टर, ही चैनीची वस्तू नाही. त्याच्यावरचा भरवसा उडाला की माणूस पुन्हा बॅटरी घेऊन विहिरीकडे निघतो. म्हणून तो का फसवतो हे नीट समजून घेतलं पाहिजे.

पेटीत काय काय असतं

मोबाईल स्टार्टर हा खरं तर स्टार्टर नाहीच. मोटर चालवणारा स्टार्टर वेगळा असतो: हिरवं बटण, लाल बटण, आत नो-व्होल्ट कॉईल (वीज असेपर्यंतच ओढ धरणारं तारेचं वेटोळं) आणि तिच्या ओढीने चिकटणारे तांब्या-चांदीचे पॉइंट. या ओढून धरणाऱ्या भागाला कॉन्टॅक्टर म्हणतात. मोबाईलची पेटी म्हणजे ही दोन बटणं तुमच्या वतीने दाबणारा गडी.

त्या पेटीत सिम घातलेला एक छोटा मोबाईल असतो, त्याला मोड्यूल म्हणतात. सोबत एक कार्ड, एक बॅटरी आणि दोन रिले. रिले म्हणजे विजेने उघड-मीट होणारं छोटं बटण. एक रिले हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो, तो दोन-तीन सेकंद मिटतो आणि सुटतो, बोटाने बटण दाबून सोडावं तसा. दुसरा लाल बटणाच्या मालिकेत असतो, तो क्षणभर उघडला की कॉईलची वीज तुटते आणि मोटर थांबते. बऱ्या पेटीत आणखी एक भाग असतो: मोटरच्या वायरभोवती बसवलेली काळी कडी. ती वायरला न कापता तिच्यातून किती अँपिअर वाहतायत ते मोजते. तिला सीटी म्हणतात. स्वस्त पेटीत हीच कडी नसते, आणि बहुतेक फसवणूक तिथूनच सुरू होते.

निरोप आणि पोचपावती

लांबच्या रानात काम करणाऱ्या माणसाला कुणाच्या तरी हाती निरोप धाडला, तर मागाहून तीन वेगवेगळ्या गोष्टी विचाराव्या लागतात. निरोप पोचला का? त्याने कामाला हात घातला का? काम झालं का? निरोप्या परत येऊन ‘सांगितलं’ एवढंच म्हणाला, तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. बाकीची दोन अजून बाकी आहेत.

मोबाईल स्टार्टरचंही तसंच आहे. फोन उचलला गेला ही पहिली पोचपावती. मोटर खरोखर वीज खाऊ लागली ही दुसरी. पाईपातून पाणी पडतंय ही तिसरी. सीटी नसलेली पेटी रिले मिटला की लगेच ‘मोटर चालू’ म्हणते. तिने बटण दाबलं, एवढंच तिला माहीत असतं. सीटी असलेली पेटी अँपिअर पाहून बोलते, म्हणजे दुसरी पावती देते. तिसरी पावती कुठलीच साधी पेटी थेट देत नाही, ती अँपिअरच्या आकड्यावरून आपल्याला ताडावी लागते. ते कसं, ते पुढे पाहू.

फोन लागतच नाही

‘आपण डायल केलेला नंबर बंद आहे.’ हे ऐकलं की पेटी बिघडली असं पहिल्यांदा मनात येतं. बहुतेकदा वीज गेलेली असते आणि पेटीतली बॅटरी मेलेली असते. पेटी त्याच थ्री फेजवर जगते, जिची वाट आपण पाहतोय. बॅटरी चांगली असेल तर वीज गेल्यावरही पेटी जागी राहते आणि ‘वीज गेली’, ‘वीज आली’ असे मेसेज पाठवते. दोन-तीन उन्हाळे पत्र्याच्या पेटीत काढले की ती बॅटरी फुगते किंवा बसते.

अर्धमेल्या बॅटरीची खूण वेगळी असते: फोन लागतो, पण उचलला जाताक्षणी तुटतो. टूजी मोड्यूल टॉवरशी सलग बोलत नाही, सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुटक झटके मारतं. जुना मोबाईल रेडिओजवळ ठेवला की जी टर्रटर्र ऐकू यायची ती हीच. त्या प्रत्येक झटक्याला मोड्यूल दोन अँपिअरपर्यंत वीज मागतं. थकलेल्या बॅटरीला ती देता येत नाही, व्होल्टेज खाली जातं आणि मोड्यूल बंद होऊन पुन्हा सुरू होतं. बॅटरी बदलली की हा आजार जातो. नवी घेताना जुनीवर छापलेलं व्होल्टेज तंतोतंत जुळवावं.

दुसरं कारण सिम. पॅकची मुदत संपली की आधी बाहेर जाणारे फोन आणि मेसेज बंद होतात, येणारे काही दिवस चालू राहतात. म्हणून पेटी फोन घेते, मोटर लावते, पण मेसेज मात्र येत नाहीत, अशी अवस्था दिसली तर पेटी उघडण्याआधी रिचार्ज तपासा. या सिमला इंटरनेट लागत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने कंपन्यांना फक्त बोलणं आणि मेसेज एवढंच असलेला निदान एक पॅक ठेवणं बंधनकारक केलं, आणि विशेष पॅकची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. साध्या पेटीसाठी असाच लांब मुदतीचा पॅक घ्यावा आणि संपण्याची तारीख पेटीच्या दाराच्या आत खडूने लिहून ठेवावी. सिम पेटीत घालण्याआधी साध्या फोनमध्ये टाकून त्याचा पिन काढा, कॉल फॉरवर्डिंग रद्द करा आणि जुने मेसेज पुसून टाका.

तिसरं कारण रेंज. मोड्यूलची अँटेना लोखंडी पेटीच्या आत राहिली असेल तर लोखंड तिला झाकून टाकतं, पातेल्याखाली रेडिओ ठेवावा तसं. अँटेना बाहेर, शक्य तितकी उंच, खांबावर किंवा शेडच्या पत्र्यावर बसवावी. विहीर ओढ्याकाठी खोलगट जागी असेल तर दोन-तीन मीटर उंचीनेही फरक पडतो. बऱ्याच पेट्या मेसेजमध्ये ० ते ३१ असा सिग्नलचा आकडा पाठवतात. १५ च्या वर असेल तर काळजी नको, १० च्या खाली गेला तर रात्री कधीतरी दगा ठरलेला. ज्या कंपनीची रेंज घरी चांगली आहे ती विहिरीवर चांगली असेलच असं नाही. सिम घेण्याआधी विहिरीपाशी उभं राहून दोन कंपन्यांचे फोन लावून पाहा.

एक अगदी साधं कारण अनेकांचा दिवस घालवतं. पेटी फक्त नोंदवलेल्या नंबरांचंच ऐकते. दोन सिमच्या फोनवरून चुकून दुसऱ्या सिमवरून कॉल गेला तर ती ओळख देत नाही.

फोन लागतो, आकडा दाबतो, काहीच होत नाही

‘चालू करण्यासाठी १ दाबा’ हे पेटीला कसं कळतं? प्रत्येक आकड्याला दोन सूर ठरलेले आहेत. १ दाबला की ६९७ आणि १२०९ हर्ट्झचे सूर एकत्र वाजतात, ५ ला ७७० आणि १३३६. पेटीतली चिप हे दोन सूर कानाने ओळखावेत तसे ओळखते.

तुमच्या फोनमधून मात्र सूर जात नाही, ‘अमुक आकडा दाबला’ एवढी नोंद जाते. सूर पुढे नेटवर्कच्या यंत्रात तयार होतो आणि टॉवरपासून पेटीपर्यंतचा शेवटचा टप्पा आवाज म्हणूनच कापतो. हा टप्पा माणसाचं बोलणं कमी जागेत कोंबण्यासाठी बनवलेला आहे. बोलण्यातला एखादा तुकडा गळला तरी आपण अर्थ लावतो. दोन शुद्ध सुरांचा तुकडा गळला की चिपला काहीच कळत नाही. म्हणून रेंज कमी असताना बोलणं नीट ऐकू येतं, पण आकडा लागत नाही.

उपाय सोपे आहेत. पेटीचं बोलणं पूर्ण होऊ द्या, मग आकडा दाबा आणि अर्धा-एक सेकंद दाबून धरा. फोन स्पीकरवर ठेवून शेजारी गप्पा चालू नकोत, कारण तो आवाजही सुरात मिसळतो.

मिस्ड कॉलवर चालणाऱ्या पेट्यांत ही अडचण नाही, पण त्यातल्या काही एका रिंगला चालू आणि पुढच्या रिंगला बंद होतात. मोटर सध्या कशात आहे हे माहीत नसताना खात्रीसाठी दुसरा मिस्ड कॉल दिला की चालू मोटर बंद पडते. चालूला वेगळी आणि बंदला वेगळी खूण असलेलीच पेटी घ्यावी.

मेसेजने चालू करणं त्याहून वाईट. फोन लागला नाही तर नाहीच लागत, पण मेसेज मधल्या केंद्रात थांबून राहतो. पेटीला वीज नसताना संध्याकाळी धाडलेला ‘चालू कर’ पहाटे वीज आल्यावर पोचू शकतो, तोवर त्या विहिरीवर भलतंच काम चाललेलं असेल. चालू-बंद फोनने करा, मेसेज फक्त खबर घेण्यासाठी ठेवा.

पेटी ‘हो’ म्हणते, मोटर लागत नाही

इथे दोष मोबाईलचा नसतो. थ्री फेज मोटरला तिन्ही फेज लागतात. डीपीवरचा (शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवरचा) एक डीओ म्हणजे फ्यूज उडाला, किंवा स्टार्टरजवळच्या किटकॅटमधली (काढता येणाऱ्या चिनीमातीच्या फ्यूजमधली) तार वितळली, की दोनच फेज उरतात. मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही आणि काही वेळातच जळते. चालू मोटरची एक फेज गेली तर ती फिरत राहते, पण उरलेल्या दोन वायरींतला प्रवाह सुमारे पावणेदोन पट होतो. तेव्हाही शेवट जळण्यातच.

म्हणून एखादी फेज गेली की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर असतो. त्यातही एक बारकावा आहे. फिरणारी मोटर गेलेल्या फेजवर स्वतःच थोडं व्होल्टेज तयार करते. नुसतं व्होल्टेज पाहणारा प्रिव्हेंटर त्याला भुलतो आणि तिन्ही फेज आहेत असं समजतो. तिन्ही वायरींतले अँपिअर पाहणारा भुलत नाही. पेटी घेताना दुकानदाराला हेच विचारा: फेज गेल्याचं व्होल्टेजवरून ओळखते की अँपिअरवरून?

डीपीचं काम झाल्यावर कधीकधी दोन फेजची अदलाबदल झालेली असते. मग पेटी ‘फेज उलट’ असा मेसेज देऊन मोटर लावत नाही. तिचं बरोबर आहे, लावली असती तर मोटर उलटी फिरली असती आणि पाणी जेमतेम आलं असतं. मेन बंद करून कुठल्याही दोन वायरींची जागा वायरमनकडून बदलून घेतली की झालं. फेज उलटची सूचना बंद करून मोटर जबरदस्तीने लावणं हा रोगापेक्षा घातक उपाय, तरी सर्रास केला जातो.

मुंग्या आणि पाली हा विनोदाचा विषय नाही. पॉइंटच्या फटीत मुंग्या चिरडल्या की तो नीट टेकत नाही, ठिणग्या पडतात, पॉइंट काळा होतो. पेटीची वायर आत जाते ती भोकं सिलिकॉनने बुजवा आणि आत डांबराच्या गोळ्या ठेवा.

मोटर चालू आहे, पाणी नाही

आता तिसरी पोचपावती. ती अँपिअरच्या आकड्यात दडलेली आहे.

पाच हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर ४१५ व्होल्टवर भरल्या कामाला साधारण साडेसात ते साडेआठ अँपिअर घेते. ढोबळ हिशेब हॉर्सपॉवरला दीड अँपिअर. पण तुमच्या मोटरचा खरा आकडा तुमच्याच विहिरीवर ठरतो: पाण्याची खोली, पाईपाची लांबी, वळणं. दुपारी, पाणी नीट पडत असताना, व्होल्टेज बरं असताना पेटीवरचे अँपिअर वाचा आणि लिहून ठेवा. समजा ७.८ आले. यापुढे मेसेजमधला प्रत्येक आकडा या ७.८ शी ताडून पाहायचा.

आकडा ४ च्या आसपास आला तर पंप कोरडा फिरतोय. पाणी उपसण्याचा भार गेला, पण मोटर स्वतःला फिरवायला वीज घेतेच, त्यामुळे आकडा शून्यावर येत नाही. पाणबुडी मोटरला पाणी हेच थंडावा देणारं असतं, कोरडी फिरली की वाईंडिंग तापतं. ड्राय रनची, म्हणजे कोरडं फिरणं ओळखण्याची, मर्यादा नेहमीच्या आकड्याच्या पाऊण पट, म्हणजे इथे ५.८ च्या जवळपास ठेवावी. तिथे आली की पेटीने मोटर बंद करून तास-दीड तास झऱ्यांना वेळ द्यावा.

व्हॉल्व बंद राहिला असेल तरीही अँपिअर कमीच होतात. उलट विहिरीजवळच पाईप फुटला तर अँपिअर थोडे वाढतात, हे अनेकांना पटत नाही. वर चढवण्याचा अडथळा गेल्याने पंप जास्त पाणी फेकतो, जास्त पाणी म्हणजे जास्त काम. आकडा ८.५ झाला आणि व्होल्टेज नेहमीचंच असेल तर पाईपलाईन पाहायला जावं.

व्होल्टेज मात्र सोबत वाचलंच पाहिजे. लाईनच्या टोकाला ३५० व्होल्टच मिळत असतील तर तेच काम करायला मोटर सुमारे ९ अँपिअर ओढते. हे वाढलेले अँपिअर पाण्याचे नाहीत, उष्णतेचे आहेत. म्हणून मेसेजमध्ये तिन्ही फेजचं व्होल्टेज आणि अँपिअर दोन्ही देणारी पेटी हवी.

विहिरीच्या काठावर मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकत्र असलेला पंप, असेल तर आणखी एक गोष्ट. फूटव्हॉल्व, म्हणजे पाईपाच्या तळाची पाणी मागे जाऊ न देणारी झडप, गळत असेल तर पाईपातलं पाणी रात्रीत उतरतं आणि पंपात हवा राहते. समोर असताना आपण पाणी भरून मोटर लावतो. फोनवरून पाणी भरता येत नाही. फूटव्हॉल्व दुरुस्त होईपर्यंत अशा मोटरला दुरून लावूच नये, सील जळतं.

‘बंद’ म्हटलं तरी बंद होत नाही

चालू न होण्यात पाण्याचं नुकसान आहे, बंद न होण्यात जिवाचं. कॉन्टॅक्टरचे पॉइंट वारंवारच्या ठिणग्यांनी वितळून एकमेकांना चिकटतात. कॉईलची वीज तुटते, पेटी ‘मोटर बंद’ म्हणते, मोटर फिरतच असते. इथेही सीटी असलेली पेटीच खरं बोलते: बंद केल्यावर अँपिअर शून्य झाले नाहीत तर तसा मेसेज देते. हिरव्या बटणाच्या बाजूचा रिले चिकटला तर वेगळीच गंमत होते, लाल बटण दाबून सोडलं की मोटर पुन्हा लागते. दोन्ही वेळा उपाय एकच: मेन स्विच पाडायचा.

आणि आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. सामाईक विहिरीवर एका पेटीत तीन-चार जणांचे नंबर असतात. एक भाऊ मोटर वर ओढून जोड पाहतोय आणि दुसरा पुण्याहून पाळीची वेळ झाली म्हणून फोन लावतोय, असं घडू शकतं. शिवाय पेटी ऑटोवर असेल तर वीज येताच ती कुणालाही न विचारता मोटर लावते. फोनवरून बंद केलेली मोटर म्हणजे बिनविजेची मोटर नव्हे.

मोटर, पंप, पाईप किंवा वायर यांना हात लावण्याआधी पेटी मॅन्युअलवर टाका. मेन स्विच पाडा. तिन्ही किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवा, विहिरीच्या कठड्यावर नको. तिन्ही टोकांना टेस्टर लावून पाहा. कपॅसिटर (लाईनवरचा भार हलका करणारा, वीज साठवणारा डबा) असेल तर तो वीज गेल्यावरही काही काळ भरलेला राहतो, त्याला लगेच शिवू नका. मग नोंदवलेल्या प्रत्येक नंबरला फोन करून सांगा. हे पाच मिनिटांचं काम आहे. कुणी ‘आत्ताच तर फोनवरून बंद केलीय’ म्हणालं तरी ते सोडू नका.

‘मग ऑटो स्विचच बरा, वीज आली की आपोआप लागते’

हा आक्षेप नेहमी येतो आणि एका शेतापुरता तो खराही वाटतो. डीपीचा हिशेब मांडला की चित्र बदलतं. १०० केव्हीएच्या डीपीची ताकद साधारण १३३ अँपिअर. त्यावर पाच-पाच हॉर्सपॉवरच्या १५ मोटरी असतील तर चालताना मिळून ११२ अँपिअर लागतात, म्हणजे बसतं. पण थेट लागणारी मोटर सुरू होतानाच्या पहिल्या क्षणी सहापट वीज ओढते. पंधराच्या पंधरा ऑटोवर असतील तर वीज येताच ६७५ अँपिअरची मागणी, डीपीच्या ताकदीच्या पाचपट. व्होल्टेज कोसळतं, कॉईलींची पकड सुटते, सगळ्या मोटरी पडतात, व्होल्टेज सावरतं, सगळे ऑटो पुन्हा एकदम लावतात. डीओ उडतो किंवा डीपी जळते, आणि मग आठवडाभर कुणालाच पाणी नाही.

पेटीत ‘वीज आल्यावर किती वेळाने लावायची’ ही वेळ भरता येते. एका डीपीवरच्या सगळ्यांनी बसून ती वाटून घ्यावी: पहिल्याची एक मिनिट, दुसऱ्याची दोन, असं पंधरापर्यंत. सोबत प्रत्येक मोटरला योग्य कपॅसिटर. खर्च फारसा नाही. अडचण असते ती पंधरा जणांना एकत्र बसवण्याची, पण डीपी जळल्यावर वर्गणी काढायला ते बसतातच.

‘फोरजीची पेटी आणि ॲप घेतलं की सुटलो’

काही बाबतीत खरंच सुटतो. ॲपवर आकडे एका नजरेत दिसतात, सुरांची भानगड उरत नाही. जुन्या पेट्यांत टूजी मोड्यूल असतं. जिओचं जाळं २०१६ मध्ये सुरू झालं तेच फोरजीवर, म्हणून तिचं सिम या पेट्यांत चालत नाही. टूजी बंद करावं ही मागणीही टेलिकॉम क्षेत्रातून होत आली आहे. नवी पेटी घ्यायचीच असेल तर फोरजीची घेणं शहाणपणाचं. फक्त तिचं मोड्यूल फोरजीवर कॉल घेऊ शकतं का, हे विचारून घ्या. काही मोड्यूल नुसतं इंटरनेट वापरतात. तिथे ॲप चालतं, पण इंटरनेट मंदावलं की फोन लावून मोटर बंद करण्याची वाट उरत नाही.

ॲपच्या वाटेत आणखी एक मुक्काम वाढतो: कंपनीचा सर्व्हर. तुमचा निरोप आधी तिकडे जातो, तिथून पेटीकडे. तो सर्व्हर बंद पडला तर विहिरीवरची चांगली पेटी मुकी होते. घरगुती उपकरणांत हे घडून गेलंय. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचं घरातले दिवे-कुलपं चालवणारं यंत्र २०१६ मध्ये सर्व्हर बंद केल्याने निकामी झालं, २०२२ मध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर अचानक बंद पडले. ॲप, फोन कॉल आणि पेटीवरचं हाताचं बटण, या तिन्ही वाटा असलेली पेटीच घ्यावी.

बसवल्याच्या दिवशी करायची परीक्षा

पेटी बसवणारा मोटर एकदा चालू-बंद करून दाखवतो आणि निघतो. त्याला थांबवून घ्या. मोटर बंद असताना मेन पाडायला सांगा आणि ‘वीज गेली’ हा मेसेज येतो का पाहा, बॅटरीची परीक्षा झाली. मेन बंद ठेवून एक किटकॅट काढायला लावा, मेन परत टाकून मोटर लावायला सांगा: पेटीने नकार देऊन कारण कळवलं पाहिजे. किटकॅट परत बसवताना मेन पुन्हा पाडलेला हवा. मग मोटर चालवून व्हॉल्व पाऊण बंद करा, फार तर अर्धा मिनिट, आणि अँपिअर किती उतरतात ते वाचा. शेवटी न नोंदवलेल्या नंबरवरून फोन लावा, मोटर लागता कामा नये.

स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी कमी जोरात, स्टारवर, आणि मग पूर्ण जोरात, डेल्टावर, लावणारा) असेल तर पेटीचा सुरू करण्याचा वेळ त्याच्याशी जुळवून घ्यावा लागतो. स्टारवरून डेल्टावर जाण्याआधीच पेटीने अँपिअर मोजले तर ते चुकीचे येतात आणि विनाकारण ‘ओव्हरलोड’ किंवा ‘ड्राय रन’ म्हणून मोटर पडते.

पावसाळ्यात लिहून ठेवलेला ७.८ हा आकडा मे महिन्यात खरा राहत नाही. विहिरीतलं पाणी खाली गेलं की पंपाला ते जास्त उंच चढवावं लागतं, पाणी कमी येतं आणि अँपिअरही उतरतात. ऑगस्टात ठरवलेली ड्राय रनची मर्यादा तशीच ठेवली तर एप्रिलनंतर पाणी असतानाही पेटी मोटर पाडू लागते, आणि वैतागून लोक ती सुरक्षाच बंद करून टाकतात. त्याऐवजी होळीनंतर एकदा, पाणी पडत असताना, विहिरीवर उभं राहून नवा आकडा वाचायचा, दाराच्या आत जुन्याखाली लिहायचा आणि मर्यादा त्याच्या पाऊण पटीवर आणायची. पहिला मोठा पाऊस होऊन विहीर भरली की पुन्हा एकदा.